पिशवी नंबर दोनशे बारा

वाने-आयकल, ४ मार्च २०२४

गेर्नोट,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र समुद्रात भिरकावलं नसशील, तर पुढे वाच. फोन मी दोनदा केला. दोन्ही वेळा तू "ब्रिंकमान, सायकल दुरुस्ती" म्हणालास, मी "अरे, रोसविता बोलतेय" म्हटलं आणि तू फोन ठेवून दिलास. पत्राचं एक बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही.

तर बातमी अशी की उर्सेल रंगून आली.

हो, आपली उर्सेल. एकोणीस वर्षं माझ्या गॅरेजात उघडीबोडकी पडलेली. कॉलनीतल्या गॅरेजांची अख्खी रांग ३१ जुलैला पाडणार आहेत, आणि आत जे काही राहील ते भंगारात जाणार, असं सोसायटीचं पत्र आलं. पत्र वाचून मी रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी जेंगिझ उस्तांकडे गेले. आठवतात ना, पुलाखालचे रंगवाले? त्यांनी सहा आठवडे घेतले. काल ट्राम डेपोतल्या चौघांनी आणि मी मिळून तिला ढकलत आत आणली. इतकी चकाकते आहे की गॅरेजात दिवा न लावताही चालेल.

आणि तिच्याभोवती तुझ्या दोनशे बारा पिशव्या. गाडी तू खोललीस आणि प्रत्येक सुटा भाग पिशवीत भरलास, इथपर्यंत ठीक. शहाणा माणूस पिशवीवर "डावं दार" असं लिहितो. तू लिहिलंस "७४". कुठल्या नंबरात काय, ते सगळं वहीत. आणि ती निळी वही घेऊन तू गेलास बेटावर. बेटही असं निवडलंस की जिथे मोटारीला बंदी! सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

आपण कशावरून भांडलो? रंगावरून. तू म्हणालास काळी, मी म्हणाले लाल. एवढंच. लोक जमिनीवरून भांडतात, नवऱ्यावरून भांडतात.

चाळीस वर्षं मी ट्राम दुरुस्त केल्या आहेत, त्यामुळे गाडी जोडता येते मला. पण एकसारख्या दिसणाऱ्या बोल्टांच्या दोनशे ढिगांतला कुठला कुठे बसतो, ते नुसतं बघून मलाही कळत नाही. वही पाठव. १९८२ साली आपण ही जीटीआय अर्धी-अर्धी घेतली होती, विसरू नकोस. ती भंगारात गेली तर तुझा अर्धा भागही जाईल.

तुझी (एकदा दिलेलं "तू" आपल्याकडे परत घेत नाहीत, तुझ्या आईच्या मयताला तू मला "श्रीमती पावलाक" म्हणालास तेव्हा पाद्रीसुद्धा दचकले होते)

रोसविता


यूस्ट बेट, १२ मार्च

श्रीमती पावलाक यांस,

तुमचं पत्र मिळालं. बोट भरतीप्रमाणे येते, म्हणून उत्तराला उशीर.

वही टपालाने पाठवता येणार नाही. ती जुनी आहे आणि टपालाचा मला भरवसा नाही. तुम्ही एका पत्रात दहा नंबर विचारा, मी वहीत बघून उत्तर देईन. आत जे आहे त्याचं वर्णनही लिहा, म्हणजे उंदरांनी काही इकडचं तिकडे केलं असेल तर कळेल.

काही सूचना. ताजा रंग वरून सुकलेला दिसला तरी आतून मऊ असतो. कामाला जाताना अंगठी, घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढून ठेवावा. बक्कल हा रंगाचा पहिला शत्रू. मडगार्डवर जुन्या गोधड्या घालाव्यात, दारांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावावी. आधी वायरिंग, मग छताचं कापड, काच त्यानंतर. क्रम चुकवू नये.

रंग कोणता दिला ते कृपया कळवू नये. लालच असणार. तुमच्या मनासारखं झालं, अभिनंदन.

आपला,
गेर्नोट ब्रिंकमान


वाने-आयकल, १७ मार्च

गेर्नोट,

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते कोणी तुझ्याकडून शिकावं! मधे सगळा समुद्र, आणि हा मला सांगतोय कमरेचा पट्टा काढ.

पण काढला. इतकंच काय, बटण नाही, चेन नाही असा एकच कपडा घरात निघाला, तो म्हणजे माझा फुलाफुलांचा झोपायचा लेंगा. तो घालून मी रोज सकाळी नऊ वाजता गॅरेजात जाते. समोरच्या इमारतीतली मंडळी आता कॉफी घेऊन खिडकीतच बसतात.

रंग कळवू नये म्हणतोस, तर नाही कळवत. बस तिकडे कल्पना करत.

आता नंबर. सात: एक स्प्रिंग, वाकडी. सतरा: चार लांब बोल्ट, त्यातल्या एकाचं डोकं झिजून गोल झालेलं. बावीस: सहा जाड वॉशर. एकोणचाळीस: दोन हुक आणि गंजलेली तार. अठ्ठावन्न: एकच स्क्रू आणि अर्धा तुटलेला रबराचा तुकडा, हा तू जपून का ठेवलास देव जाणे. चौऱ्याहत्तर, ऐंशी, एक्याण्णव आणि एकशे चार यांचं वर्णन सोबतच्या चिठ्ठीवर आहे, चित्रं काढून. हसू नकोस.

आणि सगळ्यात शेवटची, दोनशे बारा. ती रिकामी आहे. नंबर आहे, वर गाठ मारलेली आहे, आत काही नाही. उंदरांनी गाठ सोडून परत बांधली असं तर म्हणणार नाहीस?

रोसविता


यूस्ट, २३ मार्च

श्रीमती पावलाक,

वहीत पाहिलं, ते असं.

७: अ‍ॅक्सिलरेटरची स्प्रिंग. वाकडीच बसते, सरळ करायला जाऊ नका.

१७: ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी. गोल डोकं तुमच्या हातून झालं, १९९१ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, आतमध्ये बदक भट्टीत होतं आणि तुमची आई हाका मारत होती. "एक मिनिट" म्हणून तुम्ही चुकीचा पाना लावलात.

२२: पुढच्या बंपरची पट्टी.

३९: बॉनेटची कडी.

५८: डिकीतल्या चाकावरचं झाकण. रबर अर्धंच आहे, कारण उरलेलं अर्धं आपण डॉर्टमुंडच्या रस्त्यावर पाण्याचा पाइप गळायला लागला तेव्हा त्यात कोंबलं होतं. त्यावर घरी पोचलो. म्हणून ठेवलं.

बाकीच्यांची उत्तरं मागच्या पानावर.

२१२: या नोंदीवर शाई पसरली आहे. वाचता येत नाही.

लेंगा चालेल. नाडीची गाठ मात्र आतल्या बाजूला ठेवा.

ग. ब्रिंकमान


वाने-आयकल, ९ एप्रिल

गेर्नोट,

तुझी वही भलतीच बोलकी दिसते! बदकसुद्धा लिहून ठेवलंस का रे तिच्यात?

काम जोरात आहे. वायरिंग झालं. छताचं कापड लावताना दोन दिवस मान वर करून उभी होते, आता रस्त्यावर कोणी भेटलं की मी आधी त्याच्या टोपीकडे बघते. पण सुरकुती? औषधालाही नाही. पेट्रोलची टाकी बसली, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या. बॉनेटच्या कडीचा तो "खट्ट" आवाज झाला ना, तेव्हा मी एकटीच हसले. माणूस तेवीस वर्षं एक आवाज ऐकतो, मग एकोणीस वर्षं ऐकत नाही, आणि तरी तो कानात असतोच.

काल मागच्या सीटचं खोकं उघडलं. चौकटीचं कापड जसंच्या तसं, कुठे कसर नाही. खोक्यात आणखी बरंच निघालं. तुझा एक मोजा, क्रांगेच्या जत्रेतलं बदामाचं पुडकं (रिकामं, तूच खाल्लं असणार), आणि एक-दोन वस्तू. त्यांचं सावकाश सांगेन.

खाली पुढचे दहा नंबर लिहिते. घाई करू नकोस. वहीत नीट, सावकाश बघून उत्तर दे.

रोसविता


यूस्ट, १८ एप्रिल

श्रीमती पावलाक,

मोजा पाठवू नये. जोडीदार केव्हाच गेला.

दहाही उत्तरं सोबत आहेत. ९६ बद्दल एक शब्द: त्या चिमुकल्या काळ्या चिमट्या जाळीभोवतीच्या लाल पट्टीच्या आहेत. एकूण चौदा. चौदावी बसत नाही, कधीच बसली नाही. १९८७ मध्ये तुम्ही तिला जे म्हणालात ते वहीत आहे, पण कागदावर पुन्हा लिहिण्यासारखं नाही.

इथे सुट्टीवाले यायला लागले. सामानाच्या घोडागाड्या धक्क्यावर रांगेने उभ्या असतात. घोडे खरे आहेत, पण एकशे दहा घोडे एका बॉनेटखाली बांधलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे मला यांचं कौतुक बेताचंच. दिवसभर सायकलींची चाकं सरळ करतो. सायकलीला नंबरच्या पिशव्या लागत नाहीत. सगळे भाग समोर दिसतात. त्यामुळे कंटाळा येतो.

आता तुम्ही दारांकडे वळाल. ऐक, दार एकटीने चढवू नकोस! सतरा किलो दिसतं, पण बिजागरीवर फिरलं की ते ऐकत नाही. पहिला ओरखडा तिथेच पडतो. कुणाला तरी धरायला बोलव.

वरच्या ओळीत "ऐक" आणि "नकोस" घाईत गेलं. खोडलं तर पान खराब होईल, म्हणून राहू दिलं.

गेर्नोट ब्रिंकमान


वाने-आयकल, २६ मे

गेर्नोट,

महिनाभर लिहिलं नाही, कारण मला लाज वाटत होती.

दार मी एकटीने चढवलं. तू नको म्हणालास, म्हणूनच बहुतेक. उजवं दार सुरेख बसलं, आणि मी मनात म्हटलं, ब्रिंकमान नाकाने कांदे सोलतो. मग डावं उचललं. बिजागरीवर ते फिरलं, खालचा कोपरा पत्र्याला लागला आणि बोटभर लांब ओरखडा. पांढरा. पार खालच्या पत्र्यापर्यंत. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि रडले. बासष्ट वर्षांची बाई, फुलाफुलांच्या लेंग्यात, गॅरेजात भोकाड पसरून. समोरच्या खिडक्या मुकाट्याने बंद झाल्या. भली माणसं आहेत.

जेंगिझ उस्ता आले ते कुंचला आणि चहाचा थर्मास घेऊनच. ओरखड्यावरून बोट फिरवून म्हणाले, "ताई, एक सांगू? मालकाने स्वतःच्या हाताने पहिला ओरखडा काढला की गाडीला बरं असतं. नाहीतर माणूस तिची पूजा करत बसतो, चालवत नाही." मग दोन तास घासून, भरून, रंगवून त्यांनी तो असा पुसला की आता मलाच शोधावा लागतो. मी शोधते. रोज.

पण बाकीचं ऐक. गुरुवारी डेपोतली मंडळी चेनपुली घेऊन आली. इंजिन वर उचललं, इंचाइंचाने खाली सोडलं, आणि गाडीच्या कुठल्याही कडेला न लागता ते आपल्या जागी जाऊन बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांना सॉसेज आणि बटाट्याची कोशिंबीर घातली आणि एका भल्या माणसाने कोशिंबिरीचा चमचा नव्या मडगार्डवर ठेवायला नेला, तेव्हा मी असा आवाज काढला की तो अजून घाबरून आहे.

आता काच राहिली. पुढची.

गेर्नोट, ती दोन माणसांची आहे. रबर काचेला चढवायचं, त्याच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने आत बसून दोरी ओढायची आणि दुसऱ्याने बाहेरून त्याच जागी तळहाताने दाबायचं. ओढणारा पुढे गेला की काच तडकते, दाबणारा पुढे गेला की रबर मुडपतं. मागे ती आपण बसवली तेव्हा तू आत होतास आणि मी बाहेर. पाच मिनिटं लागली होती, आणि एक शब्द बोलावा लागला नव्हता.

काचवाला मिळतो. मी विचारून ठेवलंय. पण मला काचवाला नको आहे.

ये.

तारखेवर अडून बसू नकोस, ३१ जुलैच्या आत कधीही ये. आणि हे शेवटचे नंबर. एकशे साठ: दोन छोटे दिवे, पिवळे. एकशे एकसष्ट: गिअरच्या दांड्याचा रबरी बूट. एकशे बासष्ट: एक चपटी कडी. एकशे त्रेसष्ट. एकशे चौसष्ट: आरशाचा स्क्रू, वाकलेला.

रोसविता


यूस्ट, १९ जून

रोसविता,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तीन आठवडे मी ते खिशात घेऊन हिंडतोय.

तू पाच नंबर विचारलेस. एकशे साठमध्ये काय आहे ते लिहिलंस, एकसष्टमध्ये, बासष्टमध्ये, चौसष्टमध्येही. एकशे त्रेसष्टचा नुसता आकडा. वर्णन नाही. आधी वाटलं विसरली असशील. मग मध्येच, एका सायकलीत हवा भरताना, माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी इतकी हवा भरली की ट्यूब फुटली.

एकशे त्रेसष्ट तुझ्या गॅरेजात नाही. मी गेल्यापासून कधी नव्हतीच. तिच्यात गिअरच्या दांड्यावरची मूठ आहे, तो गोल्फचा चेंडू. निघताना मी पिशवीसकट तो खिशात टाकला, आणि एकोणीस वर्षं तो माझ्या खिडकीत आहे. म्हणजे समोर पिशव्या मांडून तू तो आकडा विचारलेला नाहीस. तू वहीतून ओळीने उतरवत गेलीस, आणि मधला एक आकडा पिशवी न बघताच लिहिलास. आणि वाकलेला स्क्रू आरशाचा आहे, हे पिशवी सांगत नाही, वही सांगते.

वही तुझ्याकडे आहे.

आणि मी हे इतक्या खात्रीने सांगतो, कारण ती माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. मला वाटत होतं की आलो त्या दिवशी ती बोटीवर राहिली. पहिल्या पत्रात तू मागितलीस तेव्हा "हरवली" असं लिहायला घेतलं होतं. पण "हरवली" लिहिलं की विषय संपला. तुझं पुढचं पत्र येणार नाही. म्हणून थापा मारल्या. उत्तरं सगळी आठवणीतून दिली, रोसविता. वही नसताना मला पाठच आहे ती. झोप येत नाही तेव्हा लोक मेंढ्या मोजतात, मी पिशव्या मोजतो. एकपासून सुरू करतो. दारांपर्यंत पोचत नाही, तोवर झोप लागते.

एवढं लिहून झालं. आता तू हसशील. हस.

गेर्नोट


वाने-आयकल, २४ जून

गाढवा,

हसले. आणि रडलेही, पण ते तुला सांगणार नव्हते.

मागच्या सीटच्या खोक्यात सापडली वही, आठ एप्रिलला, तुझ्या मोज्याखाली. स्वतः त्या खोक्यावर बसून नोंदी करत असायचास, त्यातच सरकली असणार. उघडली आणि पहिलं काय केलं असेल तर तुझी उत्तरं ताडून पाहिली. बावीस नंबर! तू लिहिलंस बंपरची पट्टी, वहीत आहे सीटची पट्टी. वही समोर ठेवून बसलेला माणूस असा चुकत नाही. तेव्हाच कळलं मला की तुझ्याकडे काही नाही, तू सगळं डोक्यातून लिहितोयस. बदक, डॉर्टमुंडचा रस्ता, चौदावी चिमटी. यातलं अक्षरही वहीत नाही, गेर्नोट. वहीत नुसते बोल्ट आहेत.

मग मी काय करायला हवं होतं? "सापडली, धन्यवाद" असं लिहिलं असतं तर तू पुन्हा श्रीमती पावलाकना शुभेच्छा देऊन मोकळा झाला असतास. त्यापेक्षा विचारत राहणं बरं. दोघांचीही अळीमिळी गुपचिळी.

हिशेब सांगून टाकते. एकोणीस उत्तरं, दोन चुका. बावीस तर झालीच. दुसरी हॉर्नची. तू सांगितलास तसा लावला, तर आता डावीकडे वळताना आपोआप वाजतो. तो मी तसाच ठेवला आहे. तू येऊन ऐक.

आणि एक. वहीत दोनशे बारासमोर जागा कोरी आहे. शाईबिई काही पसरलेली नाही. तेवढं एक तू अजून मला सांगितलेलं नाहीस.

तात्पुरत्या नंबरप्लेटी आणल्या आहेत. शनिवार, २० जुलै. येताना एकशे त्रेसष्ट घेऊन ये.

रोसविता


रविवार, २१ जुलै, सकाळी पावणेआठ
गॅरेजात, पुढच्या सीटवर

रोसविता,

तू पाव आणायला गेली आहेस. बेकरीत रविवारची रांग असते, आणि तू रांगेत गप्प उभी राहणाऱ्यांतली नाहीस, म्हणजे मला अर्धा तास तरी मिळाला. तोंडाने सांगायला गेलो तर तू मध्येच तोडशील. पत्राचं एक बरं असतं, असं कोणीतरी मला मार्चमध्ये लिहिलं होतं.

काल काच बसवताना तू बाहेर होतीस. बाहेरून तुला माझा हात आणि दोरी एवढंच दिसलं असेल. आतून मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

तुझे तळहात. साबणाच्या फेसाने पांढरे, रबरावरून सरकत येणारे, माझ्या दोरीच्या एक बोट मागे. एक बोटच, कुठेही कमीजास्त नाही. तुझी जीभ दातांत धरलेली. तू काहीतरी बोलत होतीस, बहुधा मला शिव्या, आणि डाव्या कोपऱ्यापर्यंत त्या ऐकू येत होत्या. मग दोरीचं शेवटचं टोक निघालं, रबर ओठ मिटावा तसं मिटलं आणि तुझा आवाज एकदम बंद झाला. तुझं तोंड हलतच होतं. तू काचेवर थाप मारलीस आणि हसलीस, आणि मला आत एकट्याला इतका आनंद झाला की मी खाली वाकून दोरी शोधतोय असं दाखवलं. दोरी माझ्या हातात होती.

बरं केलंस, आधी शटर उघडून मला गाडी दाखवलीस ते. नाहीतर काच बसवताना माझं लक्ष दोरीवर राहिलं नसतं. काळी! चार महिने मी डोळ्यांसमोर लाल गाडी जोडत होतो आणि तू काळी करून घेतली होतीस. मी पहिलं वाक्य काय बोललो, तर "लाल का नाही केलीस?" तू चिडलीस. तुझं बरोबर आहे. जी बाई एकोणीस वर्षांनी स्वतःचा हट्ट सोडते, तिला असं कोणी बोलू नये. पण ते मी का म्हणालो, ते तुला माहीत नाही. दोनशे बाराचं उत्तर त्यातच आहे.

२००५ च्या त्या सकाळी मी शेवटची पिशवी घेतली, नंबर टाकला. खिशात रंगवाल्याकडून आणलेला नमुन्याचा तुकडा होता. लाल. तुझ्या मनातला, तोच. रात्री विचार केला होता की काळ्या गाडीपेक्षा मला तू बरी. तो तुकडा पिशवीत घालून तुझ्या हातात देणार होतो. तू आत आलीस आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "काळी करायची असेल तर आत्ताच्या आत्ता चालता हो." मी पिशवीला गाठ मारली आणि चालता झालो. सांगितलं असतं तर दोन शब्दांत मिटलं असतं. पण मला राग आला होता, मग रागाची लाज वाटायला लागली, आणि लाज एकदा बसली की उठत नाही.

आता मात्र लाल नको. काल संध्याकाळी मी चेंडू दांड्यावर फिरवून बसवला, तू पहिला गिअर टाकलास, आणि ती स्वतःच्या पायांनी गॅरेजातून बाहेर आली. खिडक्यांतून सगळी कॉलनी ओरडत होती, जेंगिझ उस्ता टोपी हलवत होते. डावीकडे वळलीस आणि हॉर्न वाजला. मला तर वाटलं, उर्सेल नेहमी काळीच होती.

ओरखडा मी शोधला. सापडला. कुणाला सांगणार नाही.

ऑगस्टमध्ये क्रांगेची जत्रा आहे. बदाम मी घेईन, आणि या वेळी तुलाही देईन. बेटावरच्या सायकली माझा भागीदार माझ्याइतक्याच चांगल्या सरळ करतो. आज दुपारी सव्वातीनला भरतीची बोट आहे. माझं परतीचं तिकीट मी दोनशे बारा नंबरच्या पिशवीत घालून ठेवलं आहे आणि वर गाठ मारली आहे.

वही डॅशबोर्डवर आहे, पेनही. दोनशे बारासमोरची जागा तेवढी मी कोरी ठेवली आहे. तिथे या वेळी तुझं अक्षर असू दे.

गेर्नोट